आकडा जमिनीखालचा, भिंत आपली

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

हिंगोली-नांदेडकडे, डहाणू-तलासरीत किंवा कोयनेच्या खोऱ्यात जमीन हलली की दुसऱ्या दिवशीचा मथळा आधीच ठरलेला असतो: '४.५ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप, नागरिकांत घबराट, जीवितहानी नाही.' वृत्तपत्र कोणतेही असो, साचा हाच. या मथळ्यात शब्दांच्या दोन चुका आहेत. नुसत्या पंडिती चुका असत्या तर सोडून दिल्या असत्या. पण त्यांच्यामुळे वाचक भलत्याच गोष्टीला भितो आणि खऱ्या धोक्याखाली निवांत झोपतो, म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे. जागेअभावी कापायचे झाल्यास आकडेमोड कापा, घरांविषयीचा मजकूर ठेवा.

पहिली चूक 'तीव्रता' या शब्दाची. जमिनीखाली काही किलोमीटरवर खडकाचा किती मोठा पट्टा किती सरकला, त्यातून किती ऊर्जा सुटली, याचे माप म्हणजे मॅग्निट्यूड. ते एका भूकंपाला एकच असते. तो हादरा तुमच्या गावात किती जोराचा बसला त्याचे माप म्हणजे तीव्रता, आणि ती गावोगाव वेगळी. वरातीतल्या डीजेचे घ्या. डीजे किती वॅटचा हे ठरलेले. पण गाडीपुढे नाचणाऱ्याच्या छातीत धडधडते, मागच्या आळीत खिडकीच्या काचा थरथरतात आणि वेशीबाहेरच्या शेतात गाण्याचा एक शब्द कळत नाही, नुसता ठेका तेवढा पोचतो. वॅटचा आकडा सांगून 'आवाज एवढा होता' असे म्हणता येत नाही. (ठेका तेवढा लांब पोचतो, हे ध्यानात असू द्या, उंच इमारतींच्या वेळी लागणार आहे.)

दुसरी चूक रिश्टर स्केलला एकक समजण्याची. 'साडेचार रिश्टर स्केलचा भूकंप' म्हणजे 'सहा फूटपट्टी उंचीचा माणूस'. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या भूकंपांची प्रतवारी लावायला ही पट्टी काढली. वुड-अँडरसन नावाच्या ठरावीक यंत्रावर, १०० किलोमीटर अंतरावर, रेघ १ मिलिमीटर हलली तर भूकंप ३ चा, १० मिलिमीटर हलली तर ४ चा. मोठ्या भूकंपांत ही पट्टी तोकडी पडते. साधारण साडेसहा-सातच्या पुढे भूकंप वाढत जातो, पण आकडा वाढायचा थांबतो. म्हणून १९७९ मध्ये टॉम हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी 'मोमेंट मॅग्निट्यूड' मांडले. भेग जेवढ्या क्षेत्रावर सरकली ते क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर आणि खडकाचा ताठपणा यांचा गुणाकार त्याच्या मुळाशी असतो. आज मोठ्या भूकंपांना हेच माप लावतात. लहान आणि जवळच्या भूकंपांना रिश्टरच्या पट्टीची सुधारलेली आवृत्ती चालते. किल्लारीचा भूकंप कुणी ६.२ लिहितो, कुणी ६.४, कोयनेचा कुणी ६.३, कुणी ६.५. यात कुणी खोटे बोलत नाही, वेगवेगळ्या लहरींवरून वेगवेगळ्या सूत्रांनी काढलेले ते आकडे आहेत. बातमीत '४.५ मॅग्निट्यूडचा भूकंप' एवढे म्हटले तरी पुरे. रिश्टरसाहेबांना आता विश्रांती द्यावी.

आकड्यांमधले अंतरही फसवे असते. आकडा एकने वाढला की यंत्रावरची नोंद दसपट होते आणि सुटलेली ऊर्जा सुमारे ३२ पट. दोनने वाढला की ऊर्जा हजारपट. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला ४.५ चे भूकंप झाले. अशा वेळी 'लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातो, आता मोठा होत नाही' असा दिलासा हमखास दिला जातो. हिशेब करून पाहा. ४.५ आणि किल्लारीचा ६.२ यांत फरक १.७ चा, म्हणजे ऊर्जेत साडेतीनशे पटींचा. किल्लारीएवढा ताण लहान धक्क्यांनी सुटायचा तर हिंगोलीसारखे साडेतीनशे भूकंप व्हावे लागतील. 'लहान धक्के ही मोठ्याची नांदी' हेही उलट बाजूचे तेवढेच निराधार विधान. पालघर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली, मोठा भूकंप झाला नाही. किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबरात धक्के जाणवले होते, आणि वर्ष भरायच्या आत ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातलीच. लहान धक्क्यांवरून पुढचे काही सांगता येत नाही, एवढेच त्यातून निघते.

हा आकडा येतो कुठून तेही थोडक्यात. भूकंपमापकाची चौकट जमिनीला घट्ट बसवलेली आणि आत स्प्रिंगवर वजन टांगलेले. जमीन हलली की चौकट हलते, वजन जडत्वाने मागे राहते. दोघांतला फरक म्हणजे नोंद. पूर्वी ती काजळी धरलेल्या किंवा फोटोच्या कागदावर उमटे. मुंबईत कुलाब्याला असे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसले होते. आता चुंबक आणि तारेची गुंडाळी असते आणि हालचालीचा विजेचा संकेत सेकंदाला शंभरेक वेळा मोजला जातो. नोंद तीन दिशांची: उभी, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. खडकातून आधी येते ती 'पी' लहर, सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने. मागून येते ती 'एस', सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने, आणि नासधूस करते ती ही. दोन्हींमध्ये जितके सेकंद गेले त्याला आठाने गुणले की अंतर मिळते. दहा सेकंद गेले तर भूकंप साधारण ८० किलोमीटरवर झाला. तीन ठिकाणांहून अशी अंतरे काढून नकाशावर वर्तुळे मारली की ती जिथे छेदतात तिथे भूकंपाचे केंद्र.

कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात निरनिराळ्या ठिकाणी लहर केव्हा पोचली त्या वेळा एकमेकींशी ताडतात, आणि एका यंत्राचे घड्याळ एक सेकंद चुकले तरी अंतर सुमारे सहा किलोमीटर हलते, म्हणून प्रत्येक मापनकेंद्रावर उपग्रहावरून वेळ घेणारा अँटेना असतो आणि तो पावसाळ्यात बिघडतो. यंत्र मातीत बसवले, खडकापर्यंत पाया नेला नाही, तर शेजारची मोटर, रस्त्यावरचा ट्रक, वाऱ्याने हलणारे झाड, सगळे त्यात उमटते. खाणीतला सुरुंग आणि लहान भूकंप वेगळे ओळखायला मुरलेला डोळा लागतो. सर्वांत अवघड असते ती खोली. भूकंप जितका खोल तितक्याच अंतरावर निदान एक यंत्र असेल तरच ती नीट निघते. नसेल तर गणित चालावे म्हणून ५ किंवा १० किलोमीटर गृहीत धरतात. 'खोली ५ किलोमीटर', 'खोली १० किलोमीटर' असे गोळीबंद आकडे बातम्यांत पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे एक कारण हे. भूकंपाच्या केंद्राच्या जागेतही काही किलोमीटरचा फरक सहज असतो. म्हणून 'केंद्रबिंदू अमुक गावात' असे ठळक छापून त्या एका गावाची झोप उडवू नये; 'अमुक तालुक्यात' म्हणावे. पहिल्या तासातला आकडा पुढे दोन-तीन दशांशांनी बदलला तर त्याचा 'घोळ' असा मथळाही करू नये. जास्त मापनकेंद्रांच्या नोंदी हाती आल्या की तो सुधारतोच.

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंद्याचा 'गूढ आवाज' बातम्यांत अधूनमधून येतो. भूकंप फार उथळ असला की 'पी' लहरीतली जलद कंपने जमिनीतून हवेत शिरतात. सेकंदाला वीसपेक्षा जास्त कंपने असली की कानाला ती ऐकू येतात, आणि लांबून सुरुंग उडाल्यासारखे वाटते. जमीन हलल्याचे कळलेही नाही आणि आवाज मात्र आला, असे होऊ शकते.

याशिवाय एक वेगळे यंत्र असते, ॲक्सेलरोग्राफ. नाजूक भूकंपमापक मोठ्या धक्क्यात भांबावतो, त्याची नोंद कापली जाते. हे यंत्र एरवी गप्प असते आणि जोराचा धक्का बसला की जागे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणावरच्या अशा यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ०.६३ पट त्वरण नोंदवले. सोप्या भाषेत, टनभर वजनाच्या भिंतीला आडवा सहाशे किलोंहून अधिक रेटा, तोही सेकंदात कित्येकदा दिशा बदलत. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा आडवा रेटा धरला होता ०.०५ पट. धरण टिकले, उंच भागांत, खालच्या अंगाचा उतार जिथे बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या आणि पुढे त्या भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन धरण भक्कम केले. इमारत बांधणाऱ्याला मॅग्निट्यूडचा उपयोग नाही, त्याला हा आकडा हवा असतो. यंत्र नसेल तिथे तीव्रता उपयोगी पडते. आपल्याकडे ती १२ पायऱ्यांची वापरतात: माणसांना काय जाणवले, भांड्यांचे काय झाले, कोणत्या प्रकारच्या घराला काय इजा झाली. किल्लारी-सास्तूर भागात ती ८ ते ९ होती. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात पहिला विभागच काढून टाकला आणि हा भाग तिसऱ्यात गेला.

आता घरांकडे वळतो. किल्लारीचा ६.२ हा आकडा जगाच्या मानाने मध्यम. तेवढ्यात सुमारे आठ हजार माणसे गेली ती माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची रात्र, गाव गाढ झोपेत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती बाहेरून किल्ल्यासारख्या दिसायच्या. प्रत्यक्षात ती एक भिंत नव्हती, दोन होत्या: बाहेरचा घडीव दगडांचा पापुद्रा, आतला पापुद्रा आणि मध्ये माती-चिपांची भर. दोघांना बांधणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. जमीन हलली की मधली भर खाली बसत जाते, दोन्ही पापुद्रे फुगतात, एक आत पडतो, एक गल्लीत. वरून येते ते माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर मातीचा नवा थर, जुना तसाच. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती असेल तर दोनशे घनफूट झाली. घनफुटाला ४५ किलो धरा: नऊ टन. भिजली की आणखी जास्त. हीच माती आठ इंचांवर आणली तर वजन तीन टनांवर येते. खाली पसरलेला जाड प्लास्टिक कागद गळतीचे काम करतो, मातीने ते करायची गरज नाही. अशा घरात अजून राहणाऱ्याने करण्याजोगे सर्वांत स्वस्त काम हे, त्याला लागते फक्त फावडे आणि दोन दिवस. माती मात्र एका बाजूने सगळी काढत नेऊ नये. दोन्ही बाजूंनी सारखी, थर-थर काढावी.

दुसरे काम भिंत शिवण्याचे. एक-एक दगड हलक्या हाताने काढत साधारण तीन इंचांचे आरपार भोक पाडायचे, दोन्ही तोंडांना थोडे रुंद. त्यात १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट अर्धे भरायचे, दोन्ही टोकांना वाकवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची, उरलेले काँक्रीट भरायचे आणि दहा दिवस पाणी मारायचे. अशी भोके साधारण तीन-तीन फुटांवर, उभीही आणि आडवीही. बिघडते ते दोन ठिकाणी. घाईत शेजारशेजारची भोके एकदम उघडली की भिंतच खचते. आणि भोकातली माती धुऊन न काढता काँक्रीट भरले की ते दगडाला धरत नाही. नवी दगडी भिंत घालताना हेच काम फुकटात होते. दर दोन फूट उंचीला थर सपाट करायचा आणि त्यात चार-चार फुटांवर भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड टाकायचा. जाडी दीड फुटापेक्षा जास्त नको. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा ठोकळा चालतो. त्यावर दारा-खिडक्यांच्या माथ्याशी सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारा काँक्रीटचा पट्टा. तीन इंच जाडीत दोन सळया पुरतात, पण कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत चांगली दोन फूट न्यायला हवी. पट्टा फक्त दरवाजावर टाकून मध्येच तोडला तर तो पट्टा राहत नाही, नुसते छावण होते. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसवली आणि पट्ट्याची घरे बांधली. त्यांना पुढे जोडलेल्या पडव्या आणि वाढीव खोल्या पाहा: कित्येक ठिकाणी पुन्हा दगड-माती, पट्टा नाही.

म्हणून 'भूकंपात काय करावे' या चौकटीत सरसकट एकच सल्ला छापू नये. 'खाली बसा, टेबलाखाली जा, घट्ट धरून ठेवा' हे काँक्रीटच्या इमारतीसाठी बरोबर आहे. नऊ टन माती अंगावर येणार असेल तर टेबल काय करणार? तळमजल्याचे जड छपराचे घर, दार दोन-चार पावलांवर आणि बाहेर मोकळे अंगण असेल, तर पहिल्याच क्षणी बाहेर पडणे शहाणपणाचे. दाराबाहेर सहा फुटी गल्ली आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती असतील तर तसे नाही. २००१ च्या भुजच्या भूकंपात अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी मुले अशाच अरुंद गल्लीत दोन्हीकडची घरे कोसळून दगावली. तेव्हा सल्ला घराबरोबर गल्लीही पाहून द्यावा लागतो. बाहेर पडणे शक्य नसेल तर लाकडी खांब-तुळईच्या खणात, भिंतीपासून लांब. किल्लारीत अनेक घरांच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला होता. एरवीही दगडी भिंतीला डोके लावून झोपू नये. पलंग खोलीच्या मध्यात ओढणे हा बिनपैशाचा उपाय आहे.

शहरातल्या इमारतींची गोष्ट वेगळी. भुजचा भूकंप ७.७ चा, अहमदाबाद तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. तिथे बैठी घरे बहुतांश बचावली आणि मधल्या उंचीच्या काही काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. वर म्हटलेला डीजेचा ठेका तो हाच. दूरवर पोचतात त्या सावकाश झुलणाऱ्या लहरी, आणि उंच इमारतही सावकाश झुलते. ढोबळ हिशेबाने मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. दोघांचे झुलणे जुळले की हेलकावा वाढत जातो. कोसळलेल्या अनेक इमारतींमध्ये तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि खाली नुसते खांब. सगळी वाकण्याची पाळी त्या एका मजल्यावर येते. पुण्या-मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात आपण गेली कित्येक वर्षे असेच बांधत आलो आहोत. त्यातच तळमजल्यावरची भिंत पाडून दुकान रुंद करणारेही कमी नाहीत.

कॉलम तुटतो कसा, ते रिंगांत दिसते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधलेली रिंग शेवटी हुक मारून आत वळवतात. तो हुक १३५ अंशांत, काँक्रीटच्या पोटात शिरलेला हवा. साइटवर तो ९० अंशांत मुडपून सोडतात, कारण वाकवायला सोपा आणि सळया चढवताना आडवा येत नाही. धक्क्यात बाहेरचे इंच-दीड इंच कव्हर आधी गळून पडते. ९० अंशांचा हुक त्या कव्हरातच असतो, तो उघडतो, रिंग सुटते, उभ्या सळया धनुष्यासारख्या बाहेर येतात आणि आतल्या काँक्रीटचा भुगा होतो. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या निदान दीड फुटात रिंगा चार इंचांपेक्षा दूर नकोत. मध्यात थोड्या लांब चालतात. कॉलममध्ये काँक्रीट भरायच्या आदल्या दिवशी फ्लॅट घेणाऱ्याने साइटवर जाऊन टेपने एवढे मोजावे. टाइल्सचा रंग नंतर बदलता येतो. बांधून झालेल्या स्टिल्टच्या (मोकळ्या तळमजल्याच्या) इमारतीला उपाय आहेत: काही खणांत पायापासून काँक्रीटची भिंत, कॉलमला जॅकेट किंवा पोलादी तिरके आधार. पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आकडेमोडीनेच, आणि दोन्ही दिशांना सारखे. एकाच कोपऱ्यात भिंत घातली तर इमारत पिळवटते.

काँक्रीटच्या इमारतीत हादरा सुरू असताना पळू नका. सहाच्या आसपासच्या भूकंपात जोराचे हादरे साधारण दहा-वीस सेकंद चालतात, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तुम्ही जिन्यात असता, जो दोन मजल्यांमध्ये तिरक्या टेकूसारखा अडकून सर्वांत आधी तडकतो. किंवा दारात, जिथे वरून ग्रिल, कुंड्या आणि काचा पडत असतात. अंथरुणात असाल तर तिथेच पालथे व्हा, उशी डोक्यावर. 'दाराच्या चौकटीत उभे राहा' हा सल्ला जुन्या मातीच्या घरांचा. आजच्या फ्लॅटमधली चौकट भिंतीहून भक्कम नसते, आणि झुलणारे दार बोटे चिरडते. व्हॉट्सॲपवर फिरणारा 'कपाटाशेजारच्या त्रिकोणात बसा' हा तर उघड घातक सल्ला आहे, कारण कपाटच अंगावर येते. लोखंडी कपाट दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला बांधून टाका. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधा स्क्रू उपटून येतो, त्या ब्लॉकसाठीचाच प्लग वापरावा. पलंगाच्या वरच्या माळ्यावर पितळी भांडी नकोत. गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरली की टनभराची होते आणि ती बहुधा चार सुट्या विटांवर ठेवलेली असते.

हादरा थांबला की आधी चप्पल. काचांवर अनवाणी पाय पडून जखमा फार होतात. मग गॅसचा रेग्युलेटर बंद. वास येत असेल तर दिव्याचे बटणही दाबू नका, चालू असलेले बंदही करू नका. खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. लिफ्ट नाही, जिन्याने आणि भिंतीकडेने. भेगा पाहताना एक ओळख ठेवा. वीटकामाची भिंत आणि बीम यांच्या सांध्यातली सरळ चीर सहसा वरवरची. कॉलमवरची तिरकी किंवा फुलीसारखी भेग, कॉलमच्या टोकाशी सुटलेला काँक्रीटचा तुकडा, दिसणारी सळई, यांपैकी काहीही असेल तर इंजिनिअरने पाहीपर्यंत आत जायचे नाही, सामान आणायलाही नाही. मागचे धक्के अर्धवट तुटलेले घर पाडतात. फोन न लावता संदेश पाठवा. मदतीला ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७.

मोबाइलवर येणाऱ्या पूर्वसूचनेबद्दल वाचकांच्या अपेक्षा फार आहेत. ती भाकीत नसते, भूकंप सुरू झाल्यावर सुटलेला निरोप असतो. वीस किलोमीटरवर 'एस' लहर सहाव्या सेकंदाला पोचते, आणि तेवढा वेळ यंत्रणेला भूकंप ओळखायलाच लागतो. म्हणजे किल्लारीसारख्या उथळ, पायाखालच्या भूकंपात गावाला तिचा उपयोग शून्य. भुजच्या वेळी अहमदाबादला मात्र ती मिनिटभराच्या आत-बाहेर मिळू शकली असती. 'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का' असे कुणीही, कितीही मोठ्या पदव्या लावून सांगितले तरी छापू नये. तसे सांगण्याची विद्या जगात आज कुणाकडे नाही.

आणि आता मागणी. आपले वार्ताहर तालुक्या-तालुक्यांत आहेत. भूकंप झाला की 'घबराट' मोजण्याऐवजी त्यांना प्रत्येक गावात पाच प्रश्न विचारायला सांगा आणि उत्तरे नकाशासकट छापा. झोपलेली माणसे जागी झाली का, थोडी की बहुतेक? मांडणीवरची भांडी नुसती वाजली की खाली पडली? उभ्या माणसाला आधार घ्यावा लागला का? भिंतीला नवी भेग पडली किंवा माळवदातून माती गळली का? आणि घर कशाचे: दगड-मातीचे, विटांचे, पत्र्याचे की काँक्रीटचे, कितवा मजला? 'कुणालाच काही कळले नाही' हे उत्तरही गावाच्या नावासह छापावे, नकाशाची कड त्यानेच ठरते. दोन दिवसांत तीव्रतेचा कामचलाऊ नकाशा तयार होईल आणि तो राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्रालाही उपयोगी पडेल. पाचवा प्रश्न वार्ताहर कंटाळून गाळतील. तो गाळू देऊ नका. भांडी पत्र्याच्या घरात पडली की काँक्रीटच्या चौथ्या मजल्यावर, हे कळल्याशिवाय आधीच्या चार उत्तरांची पायरी लावता येत नाही.

आपला विश्वासू,
एक स्थापत्य अभियंता, लातूर